कागदावरचा नकाशा, पडद्यावरचा आकडा

थ्रेड : कॉम्प्युटरवरील सुरुवातीच्या रोल-प्लेइंग गेम्समध्ये अज्ञात भुयारांची भटकंती आणि पात्राची ‘लेव्हल वाढणे’ या दोन गोष्टी कोठून आल्या, कशा जोडल्या गेल्या आणि कशा दुरावल्या, याचा हा मागोवा.

१/
१९८१ साली अमेरिकेत ‘विझर्ड्री’ हा खेळ विकत आणणाऱ्याला खोक्यात फ्लॉपी डिस्क आणि पुस्तिका मिळे. उरलेले साहित्य त्याने स्वतः जमवायचे असे : ग्राफ पेपर, पेन्सिल आणि खोडरबर. अॅपल-२ च्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचा एक बोळ दिसे. समोर भिंत, डावीकडे दार, पुढे अंधार, एवढेच. भुयारात आपण नेमके कोठे आहोत, हे यंत्र आपणहून सांगत नसे. खेळणारा एक पाऊल टाकी आणि कागदावर एक चौकट भरी.

२/
म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी वाढत होत्या. पडद्यावर पात्राचे अनुभवगुण वाढत होते आणि टेबलावर नकाशा. पहिली वाढ यंत्र मोजत होते. दुसरी खेळणाऱ्याच्या हाताने होत होती. आज दोन्ही कामे यंत्राकडे गेली आहेत. म्हणून मागे वळून पाहताना एक साधा प्रश्न समोर उभा राहतो : या खेळांत नेमके वाढत कोण होते? पात्र, की खेळणारा? या प्रश्नाला पहिल्या दहा-बारा वर्षांत वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळी उत्तरे दिली.

३/
‘लेव्हल’ या कल्पनेचे मूळ युद्धाच्या खेळांत आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांच्या ‘क्रीगश्पील’ या नकाशावरील युद्धखेळाचा स्वीकार झाला. अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे ते साधन होते. पुढे अशा खेळांचे छंद म्हणून अनेक प्रकार निघाले. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्या काल्पनिक पुरवणीत ‘हीरो’ हा एकटा योद्धा चार सैनिकांच्या बरोबरीचा धरला होता आणि ‘सुपरहीरो’ आठांच्या. एका माणसाचे मोल आकड्यात सांगण्याची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४/
त्याच सुमारास मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन आपल्या मित्रांना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित प्रदेशात खेळवीत होते. तेथे प्रत्येकाकडे सैन्याऐवजी एकच पात्र असे आणि ते पात्र एका बैठकीतून पुढच्या बैठकीत जिवंत राही. पात्र टिकू लागले, तसे त्याच्या वाढीचे काय, हा प्रश्न आलाच. जानेवारी १९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला : एक खोके, तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती सुमारे हजार प्रतींची. त्यात चौथ्या लेव्हलच्या योद्ध्याला ‘हीरो’ आणि आठव्या लेव्हलच्या योद्ध्याला ‘सुपरहीरो’ म्हटले होते. चार माणसांचे मोल आता शिडीची चौथी पायरी झाले होते.

५/
या खेळात अनुभवगुण मिळत ते राक्षस मारल्याबद्दल आणि खजिना बाहेर आणल्याबद्दल. ढोबळमानाने एका सुवर्णनाण्याला एक गुण. आज हा नियम विचित्र वाटतो. सोने सापडल्याने माणूस तलवारीत तरबेज कसा होईल? पण त्यामागे शहाणपण होते. भुयारात उतरणे, वाट काढणे, धोका ओळखणे आणि जिवंत परतणे, या सगळ्याचा पुरावा म्हणजे ते सोने. खेळ चालविणारा खरा नकाशा आडोशाला लपवून ठेवी आणि तोंडी वर्णन करी. खेळणाऱ्यांपैकी एकजण ते ऐकून कागदावर नकाशा उतरवी. भटकंती आणि वाढ हे तेथे एकच काम होते.

६/
हा खेळ कॉम्प्युटरवर पोहोचण्यास वर्ष-दीड वर्षही लागले नाही. इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून ‘प्लेटो’ ही संगणकाद्वारे शिकविण्याची यंत्रणा उभी राहत होती. डोनाल्ड बिट्झर हे तिचे प्रमुख. सत्तरच्या दशकातील तिच्या टर्मिनल्सना नारिंगी प्रकाशाचा प्लाझ्मा पडदा होता. त्यावर ५१२ गुणिले ५१२ ठिपके. शेकडो टर्मिनल्स एका मध्यवर्ती यंत्राला जोडलेली. प्रत्येक प्रोग्रामला तेथे ‘लेसन’, म्हणजे धडा, म्हणत. विद्यार्थ्यांनी रसायनशास्त्राचे आणि परकीय भाषांचे धडे गिरवावेत, यासाठी हा सारा खटाटोप होता. रात्री मात्र त्याच पडद्यांवर दुसरेच धडे उघडले जात.

७/
१९७५ मध्ये रस्टी रदरफोर्ड हे तेथे लोकसंख्या आणि ऊर्जा या विषयांवरील गटासाठी काम करीत होते. गटाच्या वाट्याला आलेल्या फायलींपैकी काही रिकाम्या होत्या. त्यांतील एकीत त्यांनी भुयाराचा खेळ लिहिला. फाइलीचे नाव होते ‘पेडिट-५’. यादी चाळणाऱ्या अधिकाऱ्याला हे नाव एखाद्या कामाच्या धड्याचेच वाटावे. आत मात्र एक मजला, चाळीस-पन्नास खोल्या, राक्षस, मंत्र आणि खजिना. खेळाचे खरे नाव ‘द डन्जन’. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या कॉम्प्युटर रोल-प्लेइंग गेम्समध्ये त्याची गणना होते.

८/
या खेळात पात्र मेले की मेले. पण जिवंत बाहेर पडले, तर त्याची नोंद यंत्रात राही आणि दुसऱ्या दिवशी तेच पात्र घेऊन पुन्हा उतरता येई. ही सोय त्या काळी फार नवी होती. बहुतेक कॉम्प्युटर खेळ एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपत. येथे यंत्राने माणसाचा कालचा दिवस लक्षात ठेवला. काल मिळविलेले गुण आज कामी येत. साहजिकच लोक परत परत येऊ लागले आणि टर्मिनल्स अडवू लागले.

९/
अधिकाऱ्यांनी तो खेळ पुसून टाकला. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. यंत्राची जागा मोजकी होती, ती शिक्षणासाठी दिलेल्या पैशातून उभी राहिली होती आणि टर्मिनल अडले की कोणा विद्यार्थ्याचा धडा अडे. पण प्रती राखून ठेवणारेही होतेच. खेळ पुन्हा अवतरला, पुन्हा पुसला गेला. त्याच्याही आधीच्या ‘एम-१९९-एच’ नावाच्या खेळाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तो होता, असे त्या काळचे प्लेटोवरील लोक सांगतात. प्रत मात्र उरली नाही. खेळाडूंच्या पात्रांसाठी कायमच्या मृत्यूचा नियम करणाऱ्या या खेळांना स्वतःलाही तोच नियम लागू होता.

१०/
सदर्न इलिनॉय विद्यापीठातील गॅरी व्हिसनहंट आणि रे वुड यांनी याच सुमारास प्लेटोवरच ‘डीएनडी’ लिहिला. त्यात अनेक मजले होते. वर-खाली जाता येई. तळाशी एक दिव्य गोल आणि त्याची राखण करणारा ड्रॅगन. अखेरचा बलाढ्य शत्रू ठेवणाऱ्या पहिल्या खेळांपैकी हा एक मानला जातो. १९७७ मध्ये आलेल्या जिम श्वायगर यांच्या ‘उब्लिएट’मध्ये भुयार डोळ्यांसमोर, रेषांच्या बोळांतून दिसू लागले आणि अनेक खेळाडू टोळी करून एकत्र उतरू लागले. घरगुती कॉम्प्युटरवर असे खेळ रुळण्याच्या आधीच या प्रकारातील बहुतेक कल्पना विद्यापीठांत तयार होत्या.

११/
घरगुती यंत्रांची मेमरी तुटपुंजी होती, म्हणून पहिल्या लेखकांनी कागदाची मदत घेतली. १९७९ च्या ‘टेम्पल ऑफ अॅप्शाय’मध्ये खोल्यांची वर्णने पडद्यावर नव्हतीच, खोलीचा क्रमांक पाहून छापील पुस्तिकेत वर्णन वाचायचे. त्याच वर्षी टेक्सासमधील शाळकरी मुलगा रिचर्ड गॅरियट याने ‘अकॅलाबेथ’ लिहिला. वडील ओवेन गॅरियट हे स्कायलॅबमध्ये राहून आलेले अंतराळवीर. मुलगा ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात काम करी, तेथेच त्याने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून खेळ विकायला ठेवला. मुखपृष्ठाचे चित्र आईने काढून दिले. खेळाच्या आरंभी एक ‘भाग्यांक’ विचारला जाई आणि त्यावरून भुयार रचले जाई. तोच अंक दिला की तेच भुयार.

१२/
आणि मग ‘विझर्ड्री’. कॉर्नेल विद्यापीठाचे अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड हे त्याचे कर्ते. खेळातील राजा ‘ट्रेबॉर’ आणि खलनायक ‘वर्डना’, ही त्यांच्याच पहिल्या नावांची उलट अक्षरे. दहा मजले, प्रत्येक मजला वीस गुणिले वीस चौकटींचा, म्हणजे एकूण चार हजार चौकटी. सहा पात्रांची टोळी. प्लेटोवरील ‘उब्लिएट’शी त्याचे साम्य उघड आहे. फरक एवढाच की हा खेळ आता घरातल्या टेबलावर होता आणि कोणताही अधिकारी तो पुसायला येणार नव्हता.

१३/
पण धाक होताच. पात्र मेले की ती नोंद तत्काळ डिस्कवर उमटे. मृताला देवळात नेऊन पैसे मोजले तर ते जिवंत होण्याची शक्यता असे. विधी फसला तर शरीराची राख होई. राखेवरचा विधीही फसला तर पात्र कायमचे नाहीसे. सारी टोळी भुयारात पडली, तर तिची प्रेते तेथेच राहत आणि ती आणण्यासाठी दुसरी टोळी घडवून, वाढवून, त्याच ठिकाणी उतरवावी लागे. अशा वेळी नकाशा हा शोभेचा कागद नव्हता. कोणत्या चौकटीत आपली माणसे पडली आहेत, हे फक्त त्या कागदाला ठाऊक होते.

१४/
त्यातही खेळ फसवी. काही चौकटींवर पाय पडताच टोळीचे तोंड गुपचूप दुसऱ्या दिशेला फिरे. काही ठिकाणी काळोख, काही ठिकाणी क्षणात दूरवर फेकले जाणे. खेळणारा पुढे चालत राही, चौकटी भरत राही आणि चार खोल्यांनंतर त्याला दिसे की कागदावर जेथे भिंत आहे, तेथे पडद्यावर दार आहे. चूक नेमकी कोठे झाली? शेवटची खात्रीची चौकट कोणती? तेथपर्यंत सारे खोडायचे. ‘डुमापिक’ हा मंत्र म्हटला की जिन्यापासून पूर्वेला आणि उत्तरेला किती अंतर, हे कळे. पण मंत्र मोजके असत आणि तेच बळ लढाईतही लागे.

१५/
येथे खेळणारा जे शिकत होता, ते कोणत्याही अनुभवगुणांत मोजले जात नव्हते. दिशा लक्षात ठेवणे, खुणा ताडून पाहणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे स्वतःच्याच नकाशावर संशय घेणे. मंत्र संपत आले, दोघे मेले, समोर न पाहिलेला बोळ. पुढे जावे की परतावे? परतीची वाट बिनचूक काढलेली असेल, तरच या प्रश्नाला अर्थ होता. मागे फिरण्याचे धैर्य नकाशावरच्या भरवशातून येई.

१६/
लेव्हल वाढण्याची रीतही पाहण्याजोगी होती. गुण पुरेसे झाले, तरी भुयारात काही घडत नसे. वर येऊन, सरायीत मुक्काम केल्यावरच पात्र पुढच्या लेव्हलला जाई. फुकट निजायचे तर तबेल्यात. जखमा भरायच्या तर खोलीचे पैसे मोजायचे आणि त्या मुक्कामात वय वाढायचे. शिवाय लेव्हल वाढताना बळ किंवा बुद्धी कधी वाढे, तर कधी चक्क घटे. वाढ म्हणजे हमखास नफा, असे येथे नव्हते. थकून परतणे, विसावणे आणि काय हाती लागले ते सकाळी पाहणे, असा तो क्रम होता.

१७/
तरीही पळवाट निघालीच. पहिल्या मजल्यावरील एका ठरावीक खोलीत ‘मर्फीज घोस्ट’ नावाचे भूत भेटे. ते फारसे इजा करीत नसे आणि मारल्यावर त्या मजल्याच्या मानाने भरपूर गुण देई. मग खेळाडू त्याच खोलीत पुन्हा पुन्हा जाऊन तेच भूत मारीत. नवी चौकट नाही, नवा धोका नाही. कागद कोरा आणि आकडा चढता. गायगॅक्स-आर्नेसन यांच्या खेळात जे काम एक होते, त्याचे येथे दोन तुकडे झाले. भटकल्याशिवायही वाढता येते, हे लोकांना कळले.

१८/
जवळपास याच काळात कॅलिफोर्नियात उलट टोकाचे उत्तर तयार झाले होते. सांताक्रूझ येथील विद्यार्थी मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास ‘रोग’ लिहिला. पुढे बर्कलीचे केन आर्नल्ड त्यांना येऊन मिळाले. पडद्यावर चित्रे नाहीत, फक्त अक्षरे. खेळणारा म्हणजे ‘@’ हे चिन्ह आणि राक्षस म्हणजे रोमन वर्णमालेतील मोठी सव्वीस अक्षरे. प्रत्येक खेपेस भुयार नवे रचले जाई, त्यामुळे कालचा नकाशा आज निरुपयोगी. औषधांचे रंग आणि गुंडाळ्यांवरची निरर्थक नावेही दरवेळी बदलत. जतन केलेला खेळ पुन्हा उघडला की जतन केलेली प्रत पुसली जाई. मेले की पहिल्यापासून.

१९/
बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर हा खेळ विद्यापीठाविद्यापीठांत पोहोचला. त्यात पात्राची लेव्हल होती, अनुभवगुण होते. पण मृत्यूनंतर त्यांतले काहीही उरत नसे. उरे ते एवढेच : या अक्षराशी मोकळ्या खोलीत लढू नये, अनोळखी औषध संकटाच्या ऐन क्षणी पहिल्यांदा पिऊ नये, भूक लागण्याआधी जिना शोधावा. शंभराव्या खेपेला उतरणारे पात्र पहिल्या खेपेइतकेच दुबळे असे. हात मात्र वेगळे असत. वाढतो कोण, या प्रश्नाला ‘रोग’ने दिलेले उत्तर इतके रोखठोक होते की आजही त्या घराण्यातील खेळांना त्याच्याच नावाने ‘रोगलाइक’ म्हणतात.

२०/
तिसरे उत्तर ‘अकॅलाबेथ’ लिहिणाऱ्या त्या मुलाकडून आले. गॅरियट यांचे ‘अल्टिमा’ मालिकेतील पहिले तीन खेळ गाजले होते. पण त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. खेळाडू जगाला वाचविण्याच्या कामगिरीवर निघत आणि वाटेत त्याच जगातील दुकाने लुटत, निरपराध गावकरी मारीत. कारण त्याने आकडा लवकर वाढे. तिसऱ्या खेळानंतर पालकांची पत्रेही येऊ लागली. खेळ त्यांना अडवत नव्हता. उलट बक्षीस देत होता. आकड्याला माणसाचे वर्तन दिसतच नव्हते.

२१/
१९८५ मध्ये ‘अल्टिमा-४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ आला. यात मारण्यासाठी खलनायकच नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आत्मिकता आणि नम्रता, या आठ गुणांत पारंगत होणे हे ध्येय. खेळाच्या आरंभी एक भविष्यवेत्ती नैतिक पेच घालून प्रश्न विचारी. उत्तरांवरून पात्राचा व्यवसाय ठरे. पुढे आठ देवस्थाने शोधायची, तेथे मंत्राक्षरे टंकून ध्यान करायचे. आत्मिकतेच्या देवस्थानी टंकायचे अक्षर ‘ओम’ होते.

२२/
‘अवतार’ हा शब्द हिंदू परंपरेतून घेतलेला. मराठी वाचकाला त्यातील गंमत सहज कळेल. मूळ अर्थ खाली उतरणे : देव पृथ्वीवर उतरतो, तो अवतार. गॅरियट यांच्या खेळात मात्र माणूस पायरी पायरीने वर चढून अवतार होतो. प्लेटोवर १९७९ मध्येच ‘अवतार’ नावाचा भुयाराचा खेळ आला होता. पुढे हाच शब्द पडद्यावरील कोणत्याही प्रतिमेला लागू झाला आणि आज प्रोफाइलच्या गोलातील चित्रालाही अवतार म्हणतात. घरात विस्कटलेल्या केसांवरून ‘हा काय अवतार’ असे ऐकून घेणाऱ्या मुलांपर्यंत तो शब्द इंग्रजीची वाट घेऊन परत आला.

२३/
या खेळातील खरी युक्ती मोजण्याच्या पद्धतीत होती. वनस्पती विकणारी दुकानदारीण आंधळी होती. माल घेतल्यावर किती नाणी ठेवायची, ते खेळाडूनेच ठरवायचे. एक नाणे ठेवून सारा माल नेता येई. दुकानदारीण काही बोलत नसे, पडद्यावर काही उमटत नसे; यंत्रात मात्र प्रामाणिकपणाचा आकडा घसरे. भिकाऱ्याला दान दिले, पळणाऱ्या साध्या प्राण्याला जाऊ दिले, कोणी विचारल्यावर बढाई मारली, या सगळ्याच्या नोंदी होत. त्या नोंदी खेळाडूला कधीच आकड्यांत दाखविल्या जात नसत. किल्ल्यातील हॉकविंड नावाचा द्रष्टा विचारल्यावर मोघम सांगे, एवढेच.

२४/
अनुभवगुण आणि लेव्हल याही खेळात होत्या; पण त्या पुरेशा नव्हत्या. आठव्या लेव्हलचा योद्धाही आंधळ्या बाईला फसवीत आला असेल, तर त्याला शेवटपर्यंत पोहोचता येत नसे. मोजमाप दिसेनासे झाल्यावर खेळाडूला एकच खात्रीचा मार्ग उरला : कोणी पाहत नसतानाही नीट वागणे. अर्थात येथेही हिशेबी लोक निघाले. भिकाऱ्याला एकेक नाणे अनेकदा देऊन करुणा वाढविणारे. आकडा लपविला, तरी तो आहे हे कळल्यावर माणूस त्याच्या मागे लागतोच.

२५/
मग १९८६ मध्ये जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. युजी होरी यांनी ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे दोन्ही खेळ आवडीने खेळलेले. त्यांना हा प्रकार लहान मुलांच्या हाती, कीबोर्ड नसलेल्या घरगुती यंत्रावर द्यायचा होता. नियम सोपे झाले. त्यांतील एक निर्णायक होता : पात्र मेले, तर निम्मे सोने जाई, पण अनुभवगुण जसेच्या तसे राहत. म्हणजे हरत हरतही माणूस वाढत राही. हताश होऊन खेळ सोडून देणारी मुले त्यामुळे टिकली आणि हा प्रकार कोट्यवधींपर्यंत पोहोचण्याची वाट खुली झाली. त्याची किंमत एवढीच की आकडा आता फक्त वरच जाऊ शकत होता.

२६/
नकाशाचेही तेच झाले. १९८८ च्या ‘बार्ड्स टेल-३’मध्ये यंत्रच नकाशा काढू लागले. १९९२ च्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’मध्येही नकाशा आपोआप उमटे, मात्र त्यावर खेळाडूला स्वतःच्या हाताने टिपणे लिहिता येत. जुन्या सवयीला ठेवलेली ती शेवटची जागा म्हणावी. पुढे वाटेवर बाण आले, नकाशावर खुणा आल्या. हरवण्याची भीती गेली, ती बऱ्याच जणांना नकोच होती. तिच्याबरोबर वाट सापडल्याचा आनंदही थोडा पातळ झाला.

२७/
आज लेव्हल आणि गुण खेळांपुरते उरलेले नाहीत. चाललेली पावले, शिकलेले परके शब्द, सलग किती दिवस हजेरी लावली, हे सारे मोबाइल मोजतो आणि वाढल्याचे सांगतो. ‘लेव्हल अप’ हा शब्द मराठी तरुणांच्या बोलण्यातही रुळला आहे. त्यामुळे या जुन्या खेळांनी घातलेला प्रश्न अजून शिळा झालेला नाही. आकडा वाढतो आहे. पण तो कशाचा आकडा आहे? मर्फीच्या भुताच्या खोलीत चकरा मारल्याचा, की न पाहिलेल्या बोळात शिरून परत आल्याचा?

२८/
‘पेडिट-५’ वाचला. कोणीतरी नियम मोडून राखलेल्या प्रतींमुळे तो टिकला आणि जुनी प्लेटो यंत्रणा जिवंत ठेवणाऱ्या ‘सायबर-१’ या संग्रहात तो आजही खेळता येतो. त्यातील राक्षस आणि खजिना दरवेळी बदलतात. भुयाराची रचना मात्र रदरफोर्ड यांनी आखली तशी, ठरलेली आहे. त्या वर्षी कोणा विद्यार्थ्याने रात्री जागून कागदावर नकाशा काढला असेल आणि तो कागद एखाद्या वहीत उरला असेल, तर त्याचे तेव्हाचे पात्र केव्हाच पुसले गेले असले, तरी तो नकाशा घेऊन आजही त्या भुयारात उतरता येईल.

(समाप्त)